एकतर्फी निकाल लागू नये म्हणून

मी, खाली सही करणार असलेली, चर्चच्या वेदीवर जाणारी भाकर भाजून पोट भरणारी विधवा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, खाटेवर उशीला टेकून, माझ्याच हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे. शरीराचे तसे नाही. पोटात पाणी होते, काढले तरी पुन्हा होते, आणि डॉक्टरांनी "विश्रांती घ्या" म्हणायचेही सोडून दिले आहे, यावरून जे समजायचे ते मी समजले. या लिखाणासाठी माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. म्हणजे माणसाचे नाही. देवाचे आहे, पण ते कायद्यात धरत नाहीत असे वकिलांनी सांगितले.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या कागदाने रद्द समजावीत. ती वकिलांच्या कपाटात आहेत आणि त्या प्रत्येकात एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत लिहिली आहे : माझ्या मुलाला काडीही मिळू नये. गेल्या वेळी वकील वैतागून म्हणाले होते, "आजी, तेच ते पुन्हा लिहून काय मिळतं तुम्हाला?" मी म्हटले, "तुम्ही लिहा आणि वाचून दाखवा. मला ऐकायला बरं वाटतं." तेव्हा वाटायचे. आता वाटत नाही.

कलम पहिले. माझे घर, म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची भट्टीची खोली, हे सर्व माझ्या सुनेच्या एकटीच्या नावे व्हावे. सून म्हणजे त्याच मुलाची बायको. तिने माझे काही वाकडे केलेले नाही. माझ्या आजारपणात ती मागच्या दाराने येते, पथ्याचे शिजवते आणि मीठ घालायला विसरते, पण अळणी रांधणे हा काही गुन्हा नव्हे. घरात तिने कोणाला राहू द्यावे आणि कोणाला नाही, हे तिचे तिने ठरवावे. मी विचारायला येणार नाही.

कलम दुसरे. भाकर भाजण्याचे सामान सध्याच्या फादरांच्या ताब्यात द्यावे आणि ज्या कोणाला हे काम शिकायचे असेल त्याला त्यांनी ते द्यावे. सामान असे : लांब दांड्यांचा लोखंडी साचा, ज्याच्या आतल्या अंगाला क्रूस कोरलेला आहे, गोल कापायची दोन पाती, मोठे फादरांसाठी आणि लहान लोकांसाठी, चाळणी, आणि पत्र्याचे डबे. शिकणाऱ्याला सांगावे की यात पीठ आणि पाणी एवढेच असते. मीठ, साखर, खमीर, अक्कल यांपैकी काहीही जास्तीचे घालू नये. भाजलेला पापुद्रा लगेच कापला तर त्याचा चुरा होतो. म्हणून तो ओली फडकी टांगलेल्या बंद खोलीत मऊ होऊ द्यायचा आणि तिथेच बसून कापायचा. वारा आत येऊ द्यायचा नाही. मला माझ्या सासूने असेच शिकवले, मी माझ्या मुलीला असेच शिकवले.

शिकणाऱ्याला हेही सांगावे की माझी मुलगी त्याच खोलीत गेली.

ते कसे झाले हे इथे लिहावे लागते, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत. माझा मुलगा पत्र्याचे काम करतो. गावातली निम्मी धुराडी त्याने बसवलेली आहेत. आमच्या भट्टीत तेव्हा कोळसा होता आणि धुराड्याचा एक सांधा सुटला होता. मुलीने त्याला सांगितले, मी सांगितले. तो म्हणाला, "उद्या करतो." आदल्या दिवशीही तो हेच म्हणाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दिवशी तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरावर चढून त्यांचे धुराडे बसवत होता आणि माझी मुलगी आमच्या भट्टीच्या बंद खोलीत भाकर कापत बसली होती. कोळशाचा तो विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, ठसकाही लागत नाही. मी हाक मारायला गेले तेव्हा तिने पाटावर डोके टेकले होते. मला वाटले, डुलकी लागली. मी तिला रागावलेसुद्धा. कापून झालेल्या भाकरी तिने डब्यात नीट रचून ठेवल्या होत्या.

कलम तिसरे. गायनमंडळाच्या मुख्य बाई, ज्यांनी माझी भाकर पुठ्ठ्यासारखी लागते असे चारचौघांत म्हटले, त्यांना माझ्याकडची पुठ्ठ्याची एक मोठी पेटी द्यावी. त्यांनी चव घेऊन फरक सांगावा. माझ्या अंत्यविधीला त्यांनी गायला माझी हरकत नाही, फक्त वरच्या पट्टीत जाऊ नये. मेलेल्या माणसाला कान झाकता येत नाहीत.

कलम चौथे. तेव्हाचे फादर, जे आता निवृत्त होऊन दुसरीकडे राहतात, त्यांना काहीही देऊ नये. मुलीच्या कबरीवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले होते, "देवाची इच्छा." मी म्हटले, "फादर, सांधा सुटला होता." ते म्हणाले, "देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत." देवाचे मार्ग मला कळत नव्हते हे खरे आहे, पण धुराडे कळत होते. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पुढचे कलम लिहायचे म्हणून हे मृत्युपत्र लिहायला घेतले, आणि तिथे आल्यावर हातच चालेना. आज पुन्हा बसले आहे.

कलम पाचवे. हे कलम कोणत्याही मालमत्तेविषयी नाही. वकील भुवया उंचावतील; उंचावू देत.

माझ्या मुलीच्या मरणाचा या पृथ्वीवर कोणी न्याय केला नाही. पोलिसांनी अपघात लिहिले, डॉक्टरांनी अपघात लिहिले, फादरांनी ते देवाच्या माथी मारले. शेजारचे म्हणाले, "आता एकच उरलाय तुम्हाला, त्याला जपा." लोक म्हणतात, आपला तो बाब्या. माझ्या घरी उलटे झाले. मी त्याला पाण्यात पाहू लागले. तो पाया पडला, रडला, त्याने भिंतीवर डोके आपटले. मी दार लावून घेतले आणि दाद वर मागितली. रोजच्या प्रार्थनेत म्हटले, देवा, तू पाहिले आहेस. तू त्याचा न्याय कर. शिव्या दिल्या नाहीत, शाप दिला नाही. एवढीच फिर्याद, रोज.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या बाईंनी आम्हांला सांगितले होते की मेल्याबरोबर प्रत्येकाचा न्याय होतो, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचा मिळून पुन्हा होतो. तेव्हा झाकलेले सगळे उघडे पडते. वर्गातल्या इतर मुली हे ऐकून रडायच्या. मला ते आवडायचे. कोणीतरी आहे जो विसरत नाही, ज्याच्यापुढे "उद्या करतो" चालत नाही, याचा मला धीर वाटायचा. मुलगी गेल्यावर तर मी याच एका आधारावर उभी राहिले. त्याच बाईंनी हेही शिकवले होते की मनात वैर धरून जो वेदीची भाकर खातो, तो आपल्यावरचा दंड आपल्याच तोंडाने खातो. म्हणून मी भाजत राहिले, पण खाल्ली नाही. सगळ्या चर्चच्या जिभेवर माझ्या हातची भाकर, आणि मी शेवटच्या बाकावर बसून. हे सर्वांनी पाहिले आहे. कोणाला वाटले दुःख, कोणाला वाटले ताठा. वैर होते.

आता निघायची वेळ आली आहे आणि मला भीती वाटते. ज्या दरबारात मी रोज अर्ज टाकला त्याच दरबारात मला स्वतःला उभे राहायचे आहे, आणि तिथला नियम मला पाठ आहे : दुसऱ्याला लावाल तेच माप तुम्हांला लागेल, जो सोडत नाही त्याला सोडणार नाहीत. आणि मला सोडले नाही तर मुलगी भेटणार नाही. ती जिथे आहे तिथे मला जाऊ देणार नाहीत. मला स्वर्ग नको, सोन्याच्या रस्त्यांचे मी काय करू, गुडघे दुखतात. पण ती हवी.

मी सध्याच्या फादरांना बोलावून घेतले. पोरसवदा आहेत, चष्मा सारखा नाकावर घसरतो, पण ऐकून घेतात. ते म्हणाले, "आजी, तुम्ही न्याय म्हणजे फक्त शिक्षा समजता. देवाचा न्याय म्हणजे वाकलेलं सरळ करणं."

मी म्हटले, "वाकलेलं सरळ करायला हातोडा लागतो, फादर. माझा मुलगा पत्र्याचं काम करतो, मला सांगू नका. आणि पत्र्याला काय वाटतं ते कोणी विचारत नाही."

ते हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जो न्याय करणार आहे त्याच्या स्वतःच्या हातांना खिळ्यांची भोकं आहेत. त्यालाही एकदा शिक्षा झाली होती, ती चुकीची. तो हातोडा कसा धरेल, याचा थोडा विचार करा."

"तेच तर," मी म्हटले, "तो दयाळू निघाला तर माझ्या मुलीचं काय? आणि कडक निघाला तर माझं काय? आणि माझ्या मुलाचं काय?" शेवटचा प्रश्न तोंडातून गेला आणि मीच चपापले. तो मी कधी विचारला नव्हता.

फादर म्हणाले, "त्याला क्षमा करायचा प्रयत्न करा."

प्रयत्न! जसा काही मी केलाच नाही. ते गेल्यावर मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणून पाहिले, "क्षमा केली." भिंतीचाही विश्वास बसला नाही. तोंडदेखली क्षमा आमच्याकडे चालत नाही. मनात पाहणारा आहे. आणि समजा, मनापासून केली, तर का केली? नरक चुकवायला? मुलगी भेटावी म्हणून? ती क्षमा नव्हे, ती लाच. न्यायाधीशाला लाच द्यायची आणि तीही त्याला दिसत असताना! न करावी तर बुडाले, करावी तर खोटी. असे कितीतरी दिवस मी या खाटेवर पडून काढले. देवा, देवा, म्हणत राहिले, आणि पुढे काय मागायचे ते सुचेना.

मग गेल्या रविवारी हे झाले. माझा मुलगा दर रविवारी येतो. मागच्या बाजूने जाऊन धुराडे बोटांनी वाजवून पाहतो, सांधे चाचपतो, आणि पुढच्या पायरीवर बसून राहतो. भट्टीत आता कोळसा नाही, विजेची शेगडी आणली त्याला पुष्कळ काळ लोटला. त्या धुराड्यातून चिमणीसुद्धा जात नाही. तरी वाजवून जातो. मी आतून ऐकते. दार उघडत नाही. त्या दिवशी नर्सबाई मला सुई द्यायला आल्या होत्या. मोठ्या तोंडाळ बाई आहेत, पण हात हलका. त्या म्हणाल्या, "आजी, बाहेर तुमच्या मुलानं निरोप दिलाय. देऊ का? मला ओरडणार नसाल तर देते."

"द्या."

"तो म्हणाला, आईला सांगा, तिकडे गेल्यावर तिनं माझ्याबद्दल जे सांगायचं ते सांगावं. माझी पाळी येईल तेव्हा मला विचारलं तर मी काही बोलणार नाही. आई सांगेल तेच खरं." नर्सबाईंनी कापूस दाबून धरला आणि पुढे म्हणाल्या, "काय भानगड आहे तुमची, मला काही कळलं नाही. पण तो रडत नव्हता हो. अगदी साधं बोलला, भाजी आणायला सांगावं तसं."

मला दरदरून घाम फुटला. नर्सबाईंना वाटले, सुईचा. मला दिसले ते असे की मी तिथे उभी आहे, माझा रोजचा अर्ज माझ्यापुढे काढून ठेवला आहे, आणि समोर माझा मुलगा मान खाली घालून उभा आहे. वकील नाही, साक्षीदार नाही, बचाव नाही. फिर्यादी म्हणून मी, आणि मीच त्याची आई. कोर्टात समोरचा काहीच बोलला नाही की एकतर्फी निकाल लागतो. हे मला या वकिलांच्या बाकावर बसून बसून चांगले कळते. मी इतकी वर्षे मागितलेले सगळे एका झटक्यात मंजूर होईल. आणि मग त्याला नेतील, आणि मी पाहीन.

मला न्याय हवा होता. मुलगा नरकात जळायला नको होता. या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करता येत नाहीत हे मला म्हातारपणी, सुई टोचून घेताना कळले.

कलम सहावे. म्हणून मी असे लिहून ठेवते की माझ्या मुलाविरुद्धची माझी फिर्याद मी मागे घेत आहे.

"क्षमा" हा शब्द मी इथे लिहीत नाही. ती माझ्याजवळ अजून नाही, आणि जे आपल्याजवळ नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही, हे वकिलांनीच मला शिकवले. सांधा सुटला होता हे खरे आहे आणि मी मेल्यानंतरही तो सुटलेलाच राहील. मला राग आहे. पण फिर्याद माझी आहे. ती कोणाकडून वारशाने आलेली नाही, स्वकष्टार्जित आहे, रोज थोडी थोडी जमवलेली, आणि तिची वाटेल तशी विल्हेवाट लावायचा मला पूर्ण अधिकार आहे. मी ती कोणाला देत नाही, कोणाकडे ठेवत नाही, मागे घेते. यात मला काय मिळेल, मला सोडतील की नाही, मुलगी भेटेल की नाही, याबद्दल मी काही अट घातलेली नाही. घालावीशी फार वाटली. दोनदा लिहून खोडली.

मग माझ्या मुलीची बाजू कोण मांडणार, असे कोणी विचारील. तीच मांडेल. ती तिथे माझ्या आधी गेली आहे, आणि ती काय सांगेल ते मला आत्ताच सांगता येते. लहानपणी हा खोड्या करायचा आणि ती पुढे होऊन म्हणायची, "आई, मीच केलं." तिच्या त्या धडधडीत खोटेपणामुळे मला दोघांपैकी कोणालाच मारता यायचे नाही. देवाचीही तीच पंचाईत होणार आहे.

कलम सातवे. शेजारचे शिंपीबुवा यांनी हे मृत्युपत्र अमलात आणावे. त्यांना माझ्या आरामखुर्चीचे लाकूड द्यावे, कापड फाटले आहे, ते त्यांना शिवता येईल. येणार नसेल तर धंदा बंद करावा.

इथे मृत्युपत्र संपले होते. आज दुपारी वकील वाचून पाहायला आले. त्यांनी शेवटपर्यंत वाचले, कानामागे पेन खोचले आणि म्हणाले, "आजी, बाकी ठीक आहे. सहावं कलम कायद्यात बसत नाही, ते राहू द्या हवं तर. पण एक लक्षात घ्या. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. तुम्ही आहात तोवर तुमची फिर्याद चालूच!" आणि ते हसले.

मी हसले नाही. मला कोणी खाटेसकट विहिरीत ढकलल्यासारखे झाले. मेल्याबरोबर न्याय, असे बाईंनी शिकवले होते. मेल्याबरोबर! मी पुढे जाणार आणि हा कागद मागे राहणार. आधी मला पुरतील, मग शिंपीबुवा चष्मा शोधतील, मग वकिलांना सवड झाल्यावर ते पाकीट फोडतील. तोवर तिकडची माझी पहिली तारीख होऊनसुद्धा गेलेली असेल, आणि तिथे माझा जुना अर्जच चालू असेल. आणि मी तरी काय केले होते? जे आज, दार उघडून, करायचे ते मेल्यानंतरच्या दिवसावर ढकलले होते. "उद्या करतो" म्हणणाऱ्याची आई शोभते.

आज रविवार आहे. तो पायरीवर आहे. त्याच्या खोकल्यावरून कळते. शिंपीबुवा आणि नर्सबाई साक्षीला आलेले आहेतच. शिंपीबुवांना मी म्हटले, "त्याला आत बोलवा." ते म्हणाले, "कोणाला?" इतकी वर्षे झाली की शेजाऱ्यालाही विचारावे लागते. मी म्हटले, "माझ्या मुलाला." ते दाराकडे गेले आहेत. बाहेर काहीतरी बोलणे चालले आहे. त्याला खरे वाटत नसावे. तो आत येण्याआधी सही करते.

लिहून देणारीची सही : (केली आहे)

साक्षीदारांचे निवेदन, वकिलांनी सांगितल्यावरून शिंप्याच्या हस्ताक्षरात :

आम्ही खाली सह्या करणारे असे लिहून देतो की लिहून देणारीने आमच्या देखत वरील सही केली आणि तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर होती. त्यानंतर तिचा मुलगा आत आला व दाराशीच उभा राहिला. तिने त्याला जवळ बोलावून खाटेच्या कडेला बसवले आणि आम्हां दोघांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "फिर्याद मागे घेतली. क्षमा नाही हं, फिर्याद फक्त." त्यावर मुलगा म्हणाला, "चालेल, आई." लिहून देणारीने मुलाचा हात धरला होता तो आमच्या सह्या होईपर्यंत सोडलेला नव्हता.

सबब सहावे कलम लिहून देणारीने आमच्यासमोर, हयातीतच, स्वतः अमलात आणले असून ते तिच्या मृत्यूनंतर अमलात आणण्यासाठी शिल्लक राहिलेले नाही.

साक्षीदार १ : शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार २ : घरी येणारी नर्स (सही)

ठिकाण : लिहून देणारीचे राहते घर, पुढची खोली
दिनांक : नऊ नोव्हेंबर, रविवार, दुपार